हाताला हात

मेजरिंग टेपचं एक टोक ऋजुताकडे होतं, दुसरं गंधारकडे, आणि मध्ये होतं हॉलंडमधल्या बेस्ट नावाच्या गावातलं एक रिकामं गॅरेज. नवरा-बायकोने एवढं खूश व्हावं असं त्यात काहीच नव्हतं. फरशीवर ऑइलचे डाग, भिंतीला सायकली टांगायचे आकडे. पण ऋजुताला डाग दिसतच नव्हते. तिला दिसत होतं ट्रीटमेंट टेबल, त्याला निळा पडदा, खिडकीखाली व्यायामाच्या गाद्या आणि रस्त्याकडच्या दारावर तिच्या नावाची पाटी.

"अजून थोडा मागे जा," ती म्हणाली. "इथे व्हीलचेअर वळली पाहिजे."

"व्हीलचेअर काय, रिक्षा वळेल," गंधार म्हणाला.

लग्न होऊन ती हॉलंडला आली तेव्हा तिच्या व्हिसावर डिपेंडंट असं लिहिलेलं होतं आणि पुण्याची फिजिओथेरपीची डिग्री सुटकेसच्या तळाशी होती. त्या डिग्रीला इथे कुणी विचारेना. मग ही बाई डच शिकली. नुसती दुकानापुरती नाही, तर पेशंट 'इथे नाही, जरा आत दुखतं' म्हणाला की त्यातलं 'जरा' कळेल इतकी. परीक्षा दिल्या, नापास झाली, पुन्हा दिल्या. मग दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं लोकांच्या पाठी आणि गुडघे सांभाळले. आता गंधारची नोकरी आइंडहोव्हनकडे आली होती, झूटरमेर गावातलं आधीचं घर चांगल्या भावात विकलं गेलं होतं, आणि त्या पैशांतून हे गॅरेजवालं घर घ्यायचं होतं. सह्या पुढच्या शुक्रवारी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी ऋजुता दारावरच्या पाटीचं डिझाइनसुद्धा करून बसली होती.

तेवढ्यात नोटरीच्या ऑफिसमधून फोन आला. इथला नोटरी म्हणजे कचेरीबाहेर छत्रीखाली शिक्के मारत बसलेला माणूस नव्हे. घर विकलं की पैसे आधी त्याच्या खात्यात जातात. तो सगळं तपासतो आणि मगच विकणाऱ्याच्या हातावर ठेवतो. हात टेपमध्ये अडकलेले, म्हणून ऋजुताने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमच्या घराचे पैसे आम्हाला देता येणार नाहीत," पलीकडचा माणूस म्हणाला. "आज सकाळी त्यांच्यावर टाच आली आहे. तुमचे पती एका कर्जाला जामीन राहिलेत. कर्ज देणाऱ्याचं नाव..." त्याने जीभ वळवत वळवत वाचलं, "नरेंद्र..."

टेपचं दुसरं टोक गंधारच्या हातातून सुटलं आणि सर्रकन येऊन ऋजुताच्या बोटांवर आपटलं. आडनाव ऐकायची गरजच उरली नाही.

"गंधार," ती म्हणाली. "हे काय आहे?"

हे होतं दामोदरचं दुकान. दामोदर गंधारचा कॉलेजपासूनचा मित्र, हाताला अमृतासारखी चव असलेला आणि व्यवहाराला शून्य. दोन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडून अ‍ॅमस्टेलव्हीनला मिसळ आणि थालीपिठाचं दुकान काढलं. मसाल्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या नरेंद्रने त्याला भांडवल दिलं, पण एक जामीनदार मागितला. गंधारने सही केली. दुकानात रांगा लागल्या, कौतुक झालं, फोटो निघाले आणि भाडं काही निघेना. दुकान बंद पडलं. दामोदरकडे द्यायला काहीच नव्हतं, म्हणून नरेंद्र जामीनदाराकडे वळला. जामीनदाराचं घर नुकतंच विकलं गेलंय, ही बातमी त्याला कुणी द्यावी लागली नाही. ऋजुतानेच इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोसकट टाकली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय... नाही म्हणाली असतीस ना," गंधार म्हणाला, आणि खाली बसून टेप गुंडाळायला लागला. तो आधीच गुंडाळलेला होता.

ऋजुताला इतका राग आला की तिचे कान गरम झाले. घर दोघांच्या नावावर, तेव्हा अर्धे पैसे तरी सुटतील, तर तेही नाही. त्यांचं लग्न इथल्या जुन्या नियमात बसणारं होतं: नवऱ्याचं ते बायकोचं, बायकोचं ते नवऱ्याचं, आणि कर्जही दोघांच्या घरावर. शुक्रवारी पैसे भरले नाहीत तर हे गॅरेज हातचं जाणार, वर घराच्या किमतीचा दहावा हिस्सा दंड. सामान गोदामात पडलेलं, आणि दोघं एका हॉलिडे पार्कच्या लाकडी कॉटेजमध्ये उतरलेले. ना घर का ना घाट का, हे हिंदीत ऐकायला बरं वाटतं, राहायला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वकिलाकडे गेले. आनेके नावाची ही वकीलबाई पन्नाशीची होती, पावसात सायकलवरून आलेली, आणि ओला कोट खुर्चीला अडकवता अडकवताच तिने पहिला प्रश्न विचारला.

"हा जामीन तुमच्या स्वतःच्या धंद्यासाठी होता?"

"नाही, मित्राच्या," गंधार म्हणाला.

"पत्नीने संमती दिली होती?"

गंधारने ऋजुताकडे पाहिलं. ऋजुता खिडकीबाहेर पाहत होती.

"तिला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

आनेके टेबलावर हात आपटून हसली. "अहो, मग रडता कशाला? या देशात नवरा बायकोला न विचारता दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला, तर बायको तो जामीन रद्द करू शकते. एक पत्र लिहायचं. सही फक्त तिची. मग आपण कोर्टात जाऊन टाच उठवा म्हणून मागणी करू. असल्या तातडीच्या कामाला इथे तारखांवर तारखा पडत नाहीत."

ऋजुता खिडकीकडून वळली. "फक्त माझी सही?"

"फक्त तुमची."

"बारा वर्षांपूर्वी माझ्या व्हिसावर लिहिलं होतं, की मी याच्यावर अवलंबून," ऋजुता म्हणाली. "आणि याचीच सही माझ्यावर अवलंबून होती, हे मला कुणी सांगितलं नाही!" तिने पत्रावर अशी ठसठशीत सही केली की खालच्या कागदावरही ती उमटली. बाहेर पडताना तिने गंधारला कॉफी पाजली, पण केक एकच घेतला, आणि तो तिनेच खाल्ला.

हा आनंद सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत टिकला. त्या दुपारी नरेंद्रच्या वकिलाने एक फोटो पाठवला.

फोटो दामोदरच्या दुकानाच्या उद्घाटनाचा होता. त्या दिवशी तिथे सत्यनारायण होता. दामोदरची बायको बाळंतपणाला नागपूरला गेलेली, म्हणून पूजेला जोडपं बसवलं ते गंधार आणि ऋजुता. पौरोहित्याला श्यामकांत गुरुजी. सोमवार ते शुक्रवार इंजिनिअर, शनिवार-रविवार सोवळं. फोटोत गंधारच्या उजव्या हातावरून ताम्हनात पाणी सुटत होतं आणि ऋजुताची चार बोटं त्याच्या हाताला लागलेली होती. चौरंगावर नारळ होता, आणि नारळाखाली कुंकू लावलेला एक घडी घातलेला कागद. तोच तो जामिनाचा कागद.

सोबत नरेंद्रचं म्हणणं होतं. आमच्यात नवरा देवासमोर जे कबूल करतो त्याला बायको हाताला हात लावून संमती देते. कागद समोर होता. वहिनींनी हात लावला, मी डोळ्यांनी पाहिला, आणि पन्नास माणसांनी पाहिला.

"हे खरं आहे?" आनेकेने फोनवर विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच सावध होता. "हात लावणं म्हणजे संमती?"

"नाही नाही," गंधार घाईघाईने म्हणाला. "नुसता विधी आहे तो. काही अर्थ नसतो त्याला. ऋजू, तू उद्या असंच सांग. जजला काय कळणार आहे? नुसतं सेरिमोनियल म्हण आणि मोकळी हो."

ऋजुताने फोन त्याच्या हातातून घेतला. "आनेके, उद्या मला विचारतील तेव्हा मी खरं सांगेन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं, आपलं घर जाईल! तुझं क्लिनिक जाईल!"

"जाऊ दे. माझ्या आईला बाबांच्या घरात दुसरा कुठलाच अधिकार नव्हता, गंधार. पैसे बाबांचे, शेत बाबांचं, निर्णय बाबांचे. तिचा एवढा एक हात होता. त्याला काही अर्थ नसतो, असं मी कोर्टात उभी राहून सांगू?"

उद्या काय होईल हे मात्र तिलाही माहीत नव्हतं. खरं बोलायचं ठरवलं की शांत झोप लागते असं जे म्हणतात, ते सपशेल खोटं आहे.

हेगच्या कोर्टातली खोली शाळेच्या वर्गाएवढी. न्यायाधीश एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ. पलीकडच्या बाजूला नरेंद्र कोट घालून बसला होता आणि त्याच्या मागे त्याने आणलेले मंडळातले तिघं. आत जाताना त्याने गंधारला गाठून हळूच म्हटलं होतं, "चारचौघांत सांगणार आहेस का, की बायकोला चोरून सही केली? गणपतीला तोंड कसं दाखवशील?" ते ऋजुताने ऐकलं होतं, आणि गंधारचा पडलेला चेहराही पाहिला होता.

दोन्ही वकिलांचं बोलून झालं. न्यायाधीशांनी फोटो हातात धरला आणि थेट ऋजुताकडे पाहिलं.

"हा हात तुमचा?"

"हो." ती डचमध्येच बोलली, दुभाषी घ्यायला तिने नकार दिला होता.

"समोरचे म्हणतात, तुमच्या रिवाजात याचा अर्थ पत्नीची संमती असा होतो. ते बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," ऋजुता म्हणाली.

आनेकेचं पेन थांबलं. नरेंद्र खुर्चीत मागे रेलला. गंधारने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्ही संमती दिलीत?"

"दिली. पण कशाला दिली ते विचारा ना!" ऋजुताचा आवाज चढला, आणि चढला तो चढलाच. "आमच्यात पाणी सोडण्याआधी गुरुजी सगळं मोठ्याने म्हणतात. देश कोणता, जवळची नदी कोणती, आजचा दिवस कोणता, हा माणूस कोण, आणि हे सगळं तो कशासाठी करतोय. त्या दिवशी श्यामकांत गुरुजी म्हणाले, आम्स्टेल नदीच्या काठी, दामोदरच्या दुकानाची भरभराट व्हावी म्हणून. ते मी ऐकलं, आणि त्याला हात लावला. दुकान चालावं असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. माझं घर गहाण पडावं, असं गुरुजी म्हणाले नाहीत."

"आणि तुम्हाला पटलं नसतं, तर हात न लावण्याची सोय असते?" न्यायाधीशांनी विचारलं. आता ते पुढे झुकले होते.

"असते. माझ्या आईने नाही लावला एकदा. वडिलांनी शाळेला मोठी देणगी कबूल केली होती, आईला न सांगता. पूजेच्या पाटावर तिला ते शेजारणीकडून कळलं. तिने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. गुरुजी थांबले, पाहुणे थांबले, स्वयंपाक थांबला. शेवटी वडिलांनी सगळ्यांसमोर आकडा सांगितला. आईने दोन प्रश्न विचारले आणि मग हात लावला."

मागे बसलेल्या तिघांपैकी एक जण खुदकन हसला आणि नरेंद्रने वळून पाहताच खोकला.

न्यायाधीश नरेंद्रकडे वळले. "तुम्ही तिथे हजर होता. या बाईंचं घर या कर्जाच्या मागे उभं आहे, हे तिथे कुणी मोठ्याने म्हटलं?"

नरेंद्र चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस, पण हाडाचा देवभोळा. प्रश्न ऐकून तो इतका दचकला की वकिलाने बाही ओढायच्या आत बोलून गेला. "छे हो! देवासमोर असले विषय कोण काढतं?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गंधार उभा राहिला होता.

"मला सांगायचंय," तो म्हणाला. त्याचं डच ऋजुताच्या निम्मंही नव्हतं, म्हणून शब्द एकेक करून आले. "तो कागद मी घडी घालून नारळाखाली ठेवला. तिला दिसू नये म्हणून. मी तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती. आणि ती बरोबर असती." एवढं बोलून तो मंडळातल्या तिघांकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "झालं. आता ग्रुपवर टाका." आणि खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते, आणि या एवढ्या दिवसांत ऋजुताला तो पहिल्यांदाच थोडासा आवडला.

न्यायाधीश उठून आत गेले. आनेके हळूच म्हणाली, "तुम्ही 'बरोबर आहे' म्हणालात तेव्हा माझं हृदय बंद पडलं होतं." ऋजुताने तिच्या खांद्याला हात लावून पाहिलं आणि सांगितलं की हृदयाचं माहीत नाही, पण मान फार आखडलीय, एकदा येऊन जा. कुठे यायचं ते मात्र तिने सांगितलं नाही. क्लिनिकचा पत्ता अजून हवेत होता.

न्यायाधीश परत आले आणि त्यांनी तोंडीच निकाल दिला. पत्नीने जे ऐकलंच नाही त्याला तिची संमती धरता येत नाही. तिचं पत्र ग्राह्य धरावं लागेल असं दिसतं. नोटरीकडच्या पैशांवरची टाच उठवण्यात येत आहे, आजच.

ऋजुताने "येस!" म्हणून टेबलावर अशी थाप मारली की पाण्याचा ग्लास कलंडला. न्यायाधीशांनी न पाहिल्यासारखं केलं. गंधारने स्वतःच्या मफलरने पाणी पुसलं.

बाहेर पॅसेजमध्ये नरेंद्र भिंतीला टेकून उभा होता. कोटाच्या आत तो एकदम म्हातारा दिसत होता. ऋजुताला बघून त्याने हात जोडले.

"वहिनी, मी वाईट माणूस नाही हो. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते ते. दामोदरची मिसळ खाल्ली आणि दिले."

जिंकल्यावर असं काही ऐकायची तयारी कुणाचीच नसते. "मिसळ चांगलीच होती, नरेंद्रभाऊ," ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिचा आनंद होता तेवढाच होता, फक्त त्यात एक खडा टोचत होता.

शुक्रवारी घराच्या सह्या झाल्या. नोटरीने प्रत्येक पान वाचून दाखवलं आणि ऋजुताने प्रत्येक पानाला एक तरी शंका काढली. किल्ली हातात पडली तेव्हा ती रस्त्यातच ओरडली, आणि समोरून कुत्रा फिरवणारे आजोबा "अभिनंदन!" म्हणून तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडले.

वास्तुशांत गॅरेजमध्येच ठेवली, कारण घरात होम केला असता तर धुराचा अलार्म वाजून आधी फायर ब्रिगेड प्रसादाला आली असती. ऑइलचे डाग घासून काढलेले, रस्त्याकडचं शटर अर्धं उघडं, दारावर पाटी. चौरंगावर या वेळी नारळाखाली काहीही नव्हतं. ऋजुताने तो उचलून दोनदा पाहिला होता. स्वयंपाकघरात दामोदर शिरा परतत होता. त्याला आता एका कँटीनमध्ये नोकरी मिळाली होती, आणि आल्यापासून त्याने ऋजुताच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

श्यामकांत गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "डोमेल नदीच्या काठी," त्यांनी सुरुवात केली, देश झाला, दिवस झाला, गोत्र झालं. "वहिनी, हाताला हात लावा."

ऋजुताने हात पुढे केला.

"थांबा गुरुजी," गंधार म्हणाला. "आधी मला काहीतरी सांगायचंय."

गुरुजींची पळी हवेतच राहिली. ऋजुताचा हातही.

"नरेंद्रभाऊंना मी शब्द दिला होता," गंधार म्हणाला. तो समोर चौरंगाकडे बघत होता. "कायद्याने तो आता नाही. तू मोडलास, आणि बरोबर मोडलास. पण दामोदर त्यांचे पैसे पगारातून थोडे थोडे फेडतोय, आणि मला त्यात माझ्या पगारातून दर महिन्याला भर घालायची आहे. त्यांचे सगळे फिटेपर्यंत. अजून कुणाला बोललेलो नाही, त्यांनाही नाही. आधी तुला विचारतोय."

स्वयंपाकघरात शिऱ्यातलं उलथनं थांबलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी लहान मुलाला दटावून गप्प केलं.

ऋजुताचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला रागही आला, कारण आता हळदीच्या हाताने ते पुसता येणार नव्हते. आई पाटावर बसली होती तेव्हा तिला काय वाटलं असेल ते तिला आत्ता कळलं. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"किती?" तिने विचारलं.

गंधार तिच्या कानाशी वाकला.

"कानात नाही," ऋजुता म्हणाली. "मोठ्याने."

त्याने आकडा सांगितला. तो गुरुजींनी ऐकला, पाहुण्यांनी ऐकला, दारात उलथनं घेऊन उभ्या राहिलेल्या दामोदरने ऐकला, आणि अर्ध्या शटरखालून रस्त्यानेही ऐकला. ऋजुताने मनातल्या मनात हिशेब केला, महिन्याचे पेशंट, हप्ता, मुलांच्या शाळेचा खर्च नाही, गाडीचा नाही. मग तिने दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं ऐकून घेतली, आणि चार बोटं त्याच्या हाताला लावली.

"म्हणा गुरुजी," ती म्हणाली.